लॉन्झोचं बदक

एखादी गोष्ट जगापासून लपवता लपवता ती तुमची तुम्हालाच सापडेनाशी झाली, असं कधी झालंय का? लगेच "छे, छे" म्हणू नका. जरा आठवा, मग बोला. झालं असेल तर अलोन्झो पिंकनीला हसायचा हक्क तुम्हाला नाही. मला आहे. मी इराईदा, ब्रॉन्क्समधल्या त्याच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले खाली राहते आणि भाडेकरूंची संघटना चालवते. हिवाळ्यात बॉयलर बंद पडला की घरमालकाच्या वकिलाशी भांडायला मी जाते, तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर हा माणूस टोपी मांडीवर ठेवून बसलेला असतो. एक शब्द बोलत नाही. पण बसतो, शेवटपर्यंत बसतो, आणि बाकीचे भाडेकरू कुठे कुठे असतात ते मी इथे लिहीत नाही.

लॉन्झोचं आयुष्य बसच्या दारांत गेलं. म्हणजे डेपोत दारं दुरुस्त करण्यात. अजूनही बसमध्ये चढताना दार कुरकुरलं तर तो ड्रायव्हरकडे असं बघतो की तो बिचारा माफी मागतो. पण आमच्याकडे साठीच्या पुढच्या कोणालाही लॉन्झो कोण म्हणून विचारा, दारांचं नाव कोणी काढणार नाही. बदकवाला, म्हणतील.

आम्ही शाळेत होतो तेव्हा उन्हाळ्यात पार्कात पार्टी व्हायची. वीज दिव्याच्या खांबातून ओढलेली. लॉन्झो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी शेजारी लावायचा. गाण्यात मध्येच गाणारे गप्प होतात आणि नुसते ड्रम उरतात, त्या तुकड्याला आम्ही ब्रेक म्हणतो. केवढासा असतो तो. लॉन्झो एका रेकॉर्डवर तो संपला की दुसऱ्यावर सुरू करायचा, तेवढ्यात पहिली हाताने मागे फिरवून तयार ठेवायचा. मनात आणलं असतं तर त्याने तेवढा तुकडा जेवणाच्या वेळेपर्यंत ताणला असता. त्यावर हॉलिस आणि माझा सख्खा भाऊ कार्मेलो माइक घेऊन यमकं फेकायचे. चौथ्याचं नाव रे, आता तो नाही, तो नाचायचा आणि मुलींची नावं विचारायचा. या चौघांनी स्वतःला नाव दिलं हायड्रंट फोर, कारण पहिल्यांदा वाजवायला ते उभे राहिले ते रस्त्यावरचा आगीचा नळ उघडून, त्याच्या फवाऱ्याशेजारी. वायरी आणि पाणी. हे जिवंत कसे राहिले ते मला विचारू नका.

तर लॉन्झोकडे एक ब्रेक असा होता जो अख्ख्या शहरात कोणाकडे नव्हता. ड्रम असे की गुडघे आपोआप वाकायचे, आणि मध्येच एक ट्रम्पेट असं केकाटायचं की जणू कोणी बदकाच्या शेपटीवर पाय दिलाय. ते आलं की सगळं पार्क एका सुरात बदकासारखं ओरडायचं. आमची आई खिडकीतून ओरडायची.

अशी चीज हाती लागल्यावर माणूस काय करेल? लेबल काढेल. तेव्हा सगळेच काढत. बाथटबमध्ये कोमट पाणी घ्यायचं, रेकॉर्डचा मधला भाग भिजवायचा आणि कागद नखाने सोलायचा, म्हणजे खांद्यावरून डोकावणाऱ्याला नाव कळत नाही. लॉन्झोचं एवढ्यावर भागलं नाही. रेकॉर्डच्या आतल्या कडेला कंपनी बारीक आकडे कोरते, ते त्याने खिळ्याने खरवडले. वरचं पाकीट फाडून कचऱ्यात टाकलं. आणि लेबलाच्या जागी दुसऱ्याच रेकॉर्डचं लेबल चिकटवलं, अकॉर्डियनवरच्या पोल्कांचं. पोल्का म्हणजे पोलिश लोक लग्नात ज्यावर गोल गोल उड्या मारतात ते संगीत.

ही मेख थॅडियस गम्ब्ससाठी होती. थॅड जेरोम अव्हेन्यूच्या पलीकडचा. त्याचे स्पीकर फ्रिजएवढे आणि गर्व त्याहून मोठा. एका पार्टीत तो थंड काही प्यायला आहे का म्हणून विचारत टेबलामागे आला, तिरप्या डोळ्याने लेबल वाचलं, आणि मग अख्खा हिवाळा शहरभर पोल्का विकत घेत फिरला. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकायचा. बदक कुठेच नाही. वसंत येईपर्यंत सगळ्या ब्रॉन्क्सला ही गंमत माहीत झाली होती, थॅड सोडून.

पुढे हायड्रंट फोरची रेकॉर्ड निघाली. एकच निघाली. आणि तिथे लॉन्झोला असा फटका बसला की तो अजून चोळत बसलाय. त्या काळी कंपन्यांना टेबलावर रेकॉर्ड फिरवणारा माणूस स्टुडिओत नको असायचा. त्यांनी भाड्याने वादक आणले. लॉन्झो फक्त पाकिटावरच्या फोटोत, चामड्याच्या जाकिटात, कानाला हेडफोन लावून. त्याच्या आईने शेजारणींना बोलावून, बशीत केक मांडून, रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी ऐकली. शेवटी म्हणाली, "छान आहे रे बाळा. पण यात तू कधी येतोस?"

त्यानंतर तो डेपोत लागला.

आता या वर्षी एका लहानशा कंपनीला या म्हाताऱ्यांचा पुळका आला. हायड्रंट फोरचा नवा अल्बम. कार्मेलो फ्लोरिडातून गुडघ्याला पट्टा बांधून आला. हॉलिस आता चर्चमध्ये मोठा माणूस आहे, त्याने अट घातली की जुन्या यमकांतल्या मुली काढून तिथे शेजारधर्म घालायचा. बहुतेक गाण्यांचे ताल कंपनीने कॉम्प्युटरवर आधीच करून ठेवले होते. लॉन्झोचे हात लागणार होते ते एकाच गाण्याला, बदकाच्या. मला विचाराल तर तेवढ्या एका गाण्यासाठी त्याने तीन महिने हातांना खोबरेल तेल चोळलं.

मग मिस फेअरबँक आल्या. कंपनीच्या वकील. लॉन्झोच्या स्वयंपाकघरातच बैठक होती, आम्ही सगळे टेबलाभोवती, आणि लॉन्झोची बायको व्हर्डेल कढईपाशी मासे तळत. मी वकील लोकांशी आयुष्यभर भांडत आले, त्यामुळे बाह्या सरसावूनच बसले होते. पण बाई सरळ होती.

"मिस्टर पिंकनी, हा तुकडा मुळात कोणत्या गाण्यातला आहे?"

"बदक."

"म्हणजे, ते कोणाचं आहे?"

"माझं."

"वाजवलंय कोणी?"

"मीच की."

मिस फेअरबँकनी पेन खाली ठेवलं. "तसं नाही. तो ड्रम ज्याने वाजवला त्याची परवानगी लागते. ती नसेल तर हे गाणं छापता येणार नाही. सप्टेंबरच्या आत नाव मिळालं तर ठीक, नाहीतर हे गाणं गाळून बाकीचा अल्बम जाईल."

गाणं गाळायचं म्हणजे लॉन्झो गाळायचा, हे सांगायची कोणाला गरज नव्हती. कार्मेलोने गुडघा चोळला. हॉलिस छताकडे बघायला लागला.

"नाव मी कोणाला सांगत नाही," लॉन्झो म्हणाला.

"व्हर्डेललाही नाही?" मी विचारलं.

"लग्न झालं त्याच दिवशी मी विचारलं होतं," व्हर्डेल कढईकडे बघत म्हणाली. "म्हटलं, आता तरी सांग, आता आपल्यात काही लपवाछपवी नको."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गाडी कुठे पार्क केलीय ते तुझ्या भावाला विचार, उशीर होतोय."

मिस फेअरबँक मासा आणि ब्रेड खाऊन, हात पुसून, आभार मानून गेल्या. हॉलिस आणि कार्मेलो जिन्यावरून भांडत खाली गेले. मी मात्र हलले नाही. एखादा माणूस तोंड मिटून बसतो तेव्हा तो हट्टाने बसलाय की भीतीने, हे मला कळतं. घरमालकांनी शिकवलंय.

"लॉन्झो," मी म्हटलं, "तुला नाव सांगायचं नाहीये, की तुला ते येतच नाहीये?"

तो बराच वेळ ब्रेडचा तुकडा कुस्करत राहिला. व्हर्डेलने गॅस बंद केला.

"फर्निचरच्या दुकानाबाहेर खोक्यात पडल्या होत्या त्या रेकॉर्डी," तो म्हणाला. "दोन्ही एकदम उचलल्या. घरी आलो, एकदा ऐकली, बदक ऐकलं आणि तसाच टबात पाणी सोडायला धावलो. इराईदा, ते नाव मी एकदाच वाचलं असेल. फार तर दीड वेळा."

"आणि खिळा कशाला फिरवलास मूर्खा?"

"थॅडचे डोळे चांगले होते तेव्हा."

व्हर्डेल खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता एप्रनने डोळे पुसायला लागली, आणि ते नुसतं हसणं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळलं. सासूने केक मांडला होता तेव्हा ही तिथेच होती.

मग आम्ही जे जे सुचेल ते केलं. कार्मेलोच्या फोनमध्ये गाणं ऐकून नाव सांगणारी काहीतरी सोय आहे. रेकॉर्ड लावली, फोन पुढे धरला. फोनने विचार केला आणि उत्तर दिलं: हायड्रंट फोर, पार्कातलं. कोणीतरी जुनी कॅसेट इंटरनेटवर चढवली होती. लॉन्झो म्हणाला, "बघ, मी सांगत होतो ना माझंच आहे." त्याला तेवढ्यातही आनंद.

कंपनीने वादक आणून तोच तुकडा नव्याने वाजवून बघितला. ड्रम जवळपास जमले. पण ट्रम्पेटवाला चांगला शिकलेला होता, तिथेच घोटाळा झाला. त्याचं बदक सुरात ओरडलं. हॉलिस काचेपलीकडून म्हणाला, "भाऊ, या बदकाच्या शेपटीवर कोणी पाय दिलेला नाही. याला कोणीतरी प्रेमाने बोलावलंय."

शेवटी मीच म्हटलं, "हे बदक लॉन्झोइतकं आणखी कोणी शोधलं होतं?"

व्हर्डेल म्हणाली, "त्याचं नाव या घरात घेऊ नकोस."

"मी घेत नाही. तूच मनात घेतलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॉन्झोच्या अंगात स्वच्छ शर्ट चढवला आणि मला म्हणाली, "याला घेऊन जा. परत एकटी आलीस तरी चालेल, पण याला नावाशिवाय परत पाठवू नकोस."

थॅडचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान आहे, वर लोखंडी पुलावरून ट्रेन धडधडते त्याच्या खाली. लॉन्झो कित्येक वर्षं आपले बूट मुद्दाम दोन बस बदलून दुसरीकडे नेतो. आम्ही दार ढकललं आणि आत काय चालू असावं? अकॉर्डियन. पोल्का. लॉन्झोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लावलीय.

थॅडने चष्म्यावरून पाहिलं. "कोणाचा तळ निघालाय?"

"बूट ठीक आहेत," लॉन्झो म्हणाला.

"दिसतंय. वाईट काम आहे, पण ठीक आहे." थॅडने हातोडी ठेवली. "बदकासाठी आलास."

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या ब्रॉन्क्सला माहीत आहे, तू सोडून."

हे ऐकून मला हसू आलं ते मी खोकल्यात ढकललं. लॉन्झोचे कान तापले. मी मध्ये पडले. "थॅड, सरळ सांग. तुला ते मिळालं होतं की नाही?"

"मिळालं होतं." त्याने ते असं सांगितलं की जणू दुधाची पिशवी मिळाली. "पोल्का शोधत न्यू जर्सीच्या एका चर्चच्या जुन्या बाजारात गेलो होतो. तोपर्यंत मला पोल्का आवडायला लागल्या होत्या, हसू नका. खोक्यात एक अनोळखी पाकीट दिसलं. ऐकलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बदक."

"मग वाजवलं का नाहीस?" लॉन्झोने विचारलं. "तुझे स्पीकर होते. तू मला गाडून टाकलं असतंस."

थॅडने त्याच्याकडे पाहिलं, आणि तेव्हा पहिल्यांदा तो खरोखर चिडला. "तू मला काय समजतोस रे? तो ब्रेक तू आणलास. तो वाजवला असता तर पोरं म्हणाली असती, थॅड लॉन्झोची कॉपी मारतो. त्यापेक्षा मी पार्कात पोल्का वाजवली असती. आणि माझ्या घरी कोणाला दिसू नये की मी ते शोधत होतो, म्हणून त्याच संध्याकाळी पाकीट फाडून टाकलं, टबात पाणी सोडलं आणि लेबल सोललं."

वरून ट्रेन गेली, ती जाईपर्यंत दुकानात बोलता येत नाही.

"म्हणजे तुझ्याकडेही लेबल नाही," लॉन्झो म्हणाला.

"लेबल नाही. डोकं आहे. ज्या नावाचा मी इतकी वर्षं राग राग केला ते विसरेन होय?"

"मग सांग."

"सांगतो की. पण तू पण काहीतरी सांगायचंस. या शनिवारी जुन्यांची पार्टी आहे पार्कात. माइकवर येऊन सांग की शाळेच्या मैदानातल्या सामन्यात कोण जिंकलं होतं."

आता हे बाहेरच्याला किरकोळ वाटेल. ब्रॉन्क्समध्ये नाही. त्या सामन्यात मैदानाच्या दोन टोकांना दोघांचे स्पीकर होते, दोघे एकदमच वाजवत होते, आणि गर्दी ज्याच्याकडे झुकेल तो जिंकणार होता. थॅडच्या फ्रिजांनी लॉन्झोचा आवाज गिळून टाकला. गर्दी तिकडे गेली. मीही गेले होते. लॉन्झो तेव्हापासून सांगतो की त्याचा फ्यूज उडाला होता म्हणून सामना अर्धवट राहिला, निकाल नाही. या एका फ्यूजवरून आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानात हाणामारी झाली आहे, एक साखरपुडा मोडला आहे.

"फ्यूज उडाला होता," लॉन्झो म्हणाला.

"मग बदकही उडालं," थॅड म्हणाला, आणि हातोडी उचलली.

शनिवारपर्यंत व्हर्डेलने एकदाही विषय काढला नाही. तिने फक्त त्या जुन्या रेकॉर्डचं पाकीट, ज्यावर हा चामड्याच्या जाकिटात आहे, ते खाली काढून पुसलं आणि टेबलावर त्याच्या ताटासमोर उभं केलं. तो त्याच्याकडे बघत सूप प्यायचा.

पार्टीला सगळे होते. छत्र्या, घडीच्या खुर्च्या, नारळाचा बर्फ विकणारी बाई, गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या चर्चा. दुपारी ऊन कलताना हॉलिसने माइक लॉन्झोकडे दिला. लोकांना वाटलं चुकून दिला. या माणसाने उभ्या आयुष्यात माइकवर तोंड उघडलं नव्हतं, त्याने माइक पण पाना धरतात तसा धरला.

"शाळेच्या मैदानातला सामना," तो म्हणाला.

डॉमिनो खेळणारे थांबले. एका म्हाताऱ्याने कानातल्या यंत्राचा आवाज वाढवला.

"थॅड जिंकला." थोडं थांबून, "त्याचे स्पीकर मोठे होते म्हणून."

"पुढचं नको," समोरच्या खुर्चीतून थॅड म्हणाला. "पुढचं मी मागितलेलं नाही."

लॉन्झोने मान खाली घातली. मला वाटलं आता हा माइक ठेवून घरी जातो, आणि खरं सांगते, गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने मान वर केली आणि गर्दीत व्हर्डेलला शोधलं.

"थॅड जिंकला," तो म्हणाला. "फ्यूज उडाला नव्हता. मी काढला होता. लोक तिकडे जाताना दिसत होते, म्हणून."

पार्कात जो कल्ला झाला तो मी लिहू शकत नाही. कोणी पैज जिंकली म्हणून नाचत होतं, कोणी शिव्या देत होतं, कार्मेलो जमिनीवर बसून गुडघा आपटत होता. थॅड मात्र उठलेला नव्हता. त्याने लॉन्झोचा पराभव मागितला होता. फ्यूज काढल्याची कबुली त्याला फुकट मिळाली होती, आणि तिचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. मग तो सावकाश चालत टेबलामागे गेला आणि लॉन्झोच्या कानात काहीतरी बोलला.

लॉन्झोचा चेहरा आधी कोरा. मग डोळे मिटले. मग तो असा हसला की व्हर्डेल म्हणाली, असा हा लग्नातही हसला नव्हता.

"ते?" तो म्हणाला. "इतकं साधं?"

"मलाही तसंच वाटलं होतं," थॅड म्हणाला.

मिस फेअरबँकना ते नाव द्यायला लॉन्झोने दोन दिवस घेतले. जीवावर आलं होतं त्याच्या. शेवटी फोन व्हर्डेलने लावला आणि रिसीव्हर त्याच्या तोंडाशी धरला, आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढून. बाईंनी शोध लावला, ओहायोतला एक लग्नाचा बँड होता, ड्रमवाल्याची मुलगी सापडली. तिने आनंदाने होकार दिला, फक्त विचारलं की ट्रम्पेट चुकतं तो भाग गाळता येईल का, वडिलांना त्याची फार लाज वाटायची. मिस फेअरबँकनी तिला काय समजावलं ते त्यांचं त्यांना माहीत.

स्टुडिओत लॉन्झो सूट घालून गेला. थॅड पण आला, सुई नीट बसवलीय का ते बघायला, आणि नीट बसवलेली नाही असं म्हणाला. गाणं झालं. बदक ओरडलं. लॉन्झोचे हात त्यात आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कान असतील त्याला ऐकू येतील.

परवानगीच्या नियमाने मूळ बँडचं नाव अल्बमच्या आत छापावं लागलं. लॉन्झोने वकिलांशी भांडून ते इतक्या बारीक अक्षरांत करून घेतलंय की मुंगीने चष्मा घातला तरच दिसावं. तर माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. अल्बम घ्या, खिडक्या उघड्या टाकून वाजवा, शेजारी आले तर त्यांना आत घ्या. ती बारीक ओळ वाचायचा मोह झालाच तर मनातल्या मनात वाचा, आणि कृपा करून कोणाला सांगू नका. मला तर अजिबात नाही.